दोन दारांमधले पाहुणे

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी अकरा. हजर: मी, माझी मुलगी, तिला बघायला आलेला मुलगा, त्याचे आई-वडील आणि आत्या. गैरहजर: नवरा, दीक्षितपुऱ्यात खोव्याची जिलबी आणायला गेलेला.

मुलगा मुलीला पसंत होता; दोघं एकाच ऑफिसात. उरला होता तो त्याच्या घरच्यांचा होकार. म्हणून तिनं सकाळीच बजावलं, "आई, आज घरी ड्यूटी नको करू."

मी तुरुंगाच्या फाटकावर बावीस वर्षं आहे. तिथं दोन दारं. बाहेरच्याला कुलूप लागल्याशिवाय आतलं उघडत नाही, मग कैदी असो की साहेब. साहेबसुद्धा माझ्यासमोर थांबतात, आणि खरं सांगते, ते थांबणं मला पगारापेक्षा गोड लागतं.

चेरीतालच्या आमच्या घरालाही दोन दारं: ग्रिलचं आणि लाकडी. मध्ये चार पावलांचा व्हरांडा. पाहुणे आत आले. मी ग्रिलला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, हात पुढे केला. "मोबाईल."

चौघांनी दिले! वडिलांनी तर दोन दिले. अंगावर वर्दी नाही, जरीची साडी, तरी हुकूम चालला! मला गुदगुल्याच झाल्या. मग कैदी मोजताना म्हणते ते तोंडातून निघालंच, "चलो, जोड़ी में बैठो."

बाप-लेक टुणकन खाली बसले, मागे आई. आत्याबाईंचे गुडघे वाकेनात. त्या चपलांच्या स्टँडवर टेकल्या.

आतून मुलगी ओरडली, "आई! काय करून राहिली तू?"

आधी मुलाची आई हसली. मग वडील जमिनीवरूनच म्हणाले, "मॅडम, भेटीची वेळ किती मिनिटं?" मला इतकं हसू लोटलं की दार ढकलवेना. तेवढ्यात नवरा जिलबी घेऊन ग्रिलबाहेर उभा. "काहून बसले हे सगळे खाली?"

आई-वडिलांचा होकार तिथंच मिळाला. आत्याबाई हसल्या नाहीत. "मी मुख्याध्यापिका होते," म्हणाल्या. "मला आजवर कोणी असं बसवलं नाही." आणि त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा.

मुलीनं माझ्या कामांच्या यादीत स्वतःच्या हातानं लिहिलं: आत्याबाईंना फोन, माफी. आज बुधवार. गॅस झाला, शिंपी झाला, दळण झालं. फोन तीनदा लावला. त्यांनी "हॅलो" म्हटलं की माझा आवाज आपोआप चढतो, "नाव सांगा!" आणि मी घाबरून ठेवून देते. माफी बाकी.