विंटर 'नको' म्हणाली

गेल्या मंगळवारी सकाळी मी इंदिरानगरातल्या माझ्या स्वयंपाकघरातून थेट चीनमध्ये ओरडले. हातात फोन होता म्हणून. नसता तरी ऐकू गेलं असतं...

विंटर माझी विद्यार्थिनी. खरं नाव वेगळं आहे, हे तिने इंग्रजी बोलण्यापुरतं स्वतःच ठेवलेलं. तिच्या वर्गात एक टायगर आणि एक लेमनही होते, त्या मानाने ही बरी.

लॉकडाऊनमध्ये एका ऑनलाइन क्लाससाठी मी या चिनी मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचे. सगळं आयुष्य नाशकात काढलेली मी, तिथे चक्क 'फॉरेन टीचर' होते. नातेवाइकांना सांगताना हे दोन शब्द मी जरा सावकाश उच्चारायचे. पुढे क्लास बंद पडला, मुलं पांगली. विंटर काही पांगली नाही.

तिला सराव हवा असतो... कधीही. मी भाजी निवडत असले तरी चालतं, कुकर लावत असले तरी चालतं. सिंहस्थाच्या नावाने खोदलेल्या रस्त्यावर स्कूटर अडकली होती, तेव्हाही तिचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, टीचर, या खड्ड्याचं वर्णन करा ना. केलं. त्यातलं शिकवण्याजोगं फार थोडं होतं.

एकदा ती अशीच फोनवर असताना शेजारच्या निकमकाकू आल्या. चहा नको, अगं नको, खरंच नको म्हणत दोन कप प्यायल्या. मी अर्थ सांगितला, तर विंटरला कोण आनंद झाला. त्यांच्याकडेही अस्संच असतं म्हणे. पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणणारा माणूस हावरट. मलाही भरून आलं, दोन देश आणि एक चहा वगैरे...

तो चहाच नडला.

विंटर आता कॉलेजात आहे. तिच्या कॉलेजातून दरवर्षी थोडी मुलं एका सत्रासाठी आयर्लंडला जातात, खर्च तिकडचं कॉलेज करतं. जायचं तर तिला यंदाच जाता येणार होतं, कारण कॉलेज संपलं की घरचे तिला मामाच्या टाइल्सच्या दुकानात बसवणार. त्या इंटरव्ह्यूसाठी तिने स्वतःचं रक्त आटवलं. माझंही.

मंगळवारी सकाळी ती फोनवर नुसती उड्या मारत होती. आदल्या दिवशी इंटरव्ह्यू झाला, सगळी उत्तरं आली, आणि शेवटी तिकडचे प्रोफेसर म्हणाले, एक जागा आहे, तुला यायला आवडेल का?

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, नको नको. माझं इंग्रजी कुठे एवढं चांगलं. माझ्यापेक्षा हुशार कुणाला तरी द्या."

आणि खरं सांगते, मला यात काही वावगं दिसलंच नाही. वळण असलेल्या मुलीने असंच म्हणायचं असतं. ती म्हणाली, आता ते परत विचारतील. मीही म्हटलं, विचारतीलच की.

नवऱ्याने सातपूरच्या एका कारखान्यात परदेशी साहेबांबरोबर सगळी नोकरी काढली आहे. पेपरमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "ते लोक परत विचारत नसतात. एकदा नको म्हटलं की नको. पुढच्याला बोलावतात."

मग मी ओरडले. आत्ताच्या आत्ता मेल कर, म्हण मला यायचंय. तर ही बया शांतपणे म्हणते, स्वतः तोंडाने मागणं म्हणजे निर्लज्जपणा, मी वाट बघीन. मी समजावलं, घाबरवलं, मामाचं दुकान फरशीसकट तिच्या डोळ्यांसमोर उभं केलं. प्रत्येक वेळी ती 'तुमचं बरोबर आहे, टीचर' म्हणायची आणि जागची हलायची नाही. तेही इतक्या शुद्ध इंग्रजीत... जे मीच शिकवलेलं. म्हणजे डोकंही आपटायचं ते स्वतःच बांधलेल्या भिंतीवर.

शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, तू नकोच लिहूस. मीच लिहिते त्यांना. मी हिची टीचर, मुक्काम नाशिक, माझ्या मुलीला कृपा करून परत एकदा विचारा.

विंटर एकदम स्क्रीनच्या जवळ आली.

"तुम्ही माझ्यासाठी त्यांच्यापुढे हात पसरणार?"

"पसरणार. दोन्ही."

"नको, टीचर."

हा 'नको' वेगळा होता. परत विचारायची सोयच नव्हती त्यात. पुढे हळूच म्हणाली, "तुमचा मान जाईल. त्यापेक्षा माझा जाऊ दे."

आणि माझ्यासमोरच तिने मेल लिहिली. काल नाही म्हणाले ती आमच्याकडची रीत होती, मला मनापासून यायचं आहे, जागा उरली असेल तर मला द्या. डोळे घट्ट मिटून पाठवली. मीही मिटले होते.

संध्याकाळी उत्तर आलं. जागा शिल्लक होती, दुसऱ्या मुलाला तिकडच्या दुपारी कळवायचं म्हणून ठेवलं होतं, तेवढ्यात हिची मेल पोचली. सप्टेंबरमध्ये निघतेय.

इतकी वर्षं मी समजत होते, ही पोरगी माझ्याकडून फुकटात इंग्रजी उकळतेय. त्या बदल्यात ती माझा मान सांभाळून होती, हे मला ठाऊकच नव्हतं... तो जाऊ नये म्हणून कुणी स्वतःचा पुढे केल्याचं, निदान या घरात तरी, मला आठवत नाही.