कवीमास्तरांच्या बारवेवर आम्ही मोजणीवाले

पहाटे सोलापूर सोडलं तेव्हा थंडीनं आमचे दात वाजत होते आणि जाधव सर बोलत होते. सर निवृत्त मराठी शिक्षक, आमच्या साहित्यसहलीचे प्रमुख. करमाळ्याच्या बाजूला एका शेतात बारव (पायऱ्यांची विहीर) आहे. तिच्या पायऱ्यांवर बसून सरांचे शाळेतले गुरुजी, कवीमास्तर, कविता लिहायचे आणि तेव्हा शाळकरी असलेल्या सरांना म्हणून दाखवायचे. पुढच्या आठवड्यात सरांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्याआधी एकदा त्या पायऱ्या उतरायच्या, एवढीच त्यांची इच्छा.

मोहोळ येईपर्यंत निम्मी गाडी घोरत होती. खोटं कशाला बोलू, मीही. सर मात्र इंजिनाच्या वरताण आवाजात एकेक कविता उलगडत राहिले. टेंभुर्णीला चहा घेतला तेव्हा त्यांचा घसा घोगरा झाला होता, करमाळ्यात तो साफ बसला.

गाडी सोडून आम्ही बांधाबांधानं चालू लागलो. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी. एका वस्तीवर आगटीतला (हुरडा भाजायच्या खड्ड्यातला) गरम हुरडा शेंगाचटणीबरोबर मिळाला आणि आमचं साहित्यप्रेम तिथंच बसकण मारून बसलं. सर हातवारे करून ‘चला, चला’ सांगत होते. तासाभरानं उठलो.

बारवेच्या तोंडाशी एक आजी आडव्या उभ्या. आम्ही पंधराजण, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या, हातात वह्या, आणि बँकेतल्या शिंद्यांच्या खांद्यावर ग्रुप फोटोसाठी आणलेला तिपायी स्टँड.

“मोजणीवाले न्हवं तुमी? मागल्या म्हैन्यात खुट्या ठोकून गेलाव. रस्ता कुटनं बी न्या, माज्या हिरीत पाय ठिऊ द्यायची न्हाय!”

“नाही हो आजी, आम्ही आमच्या सरांबरोबर कवीमास्तरांची बारव बघायला आलोय,” मी म्हणाले.

“व्हय? मग म्हणा की त्यांची एक कविता.”

आम्ही चौदाजणांनी सरांकडं पाहिलं. सरांचे ओठ हलले, नुसती हवा आली. त्यांनी घाईघाईनं वहीत दोन ओळी लिहून पुढं धरल्या.

“लिवत्यात तर मोजणीवाले बी.”

शिंद्यांनी घसा खाकरून शाळेतली प्रार्थना सुरू केली. आजींनी हात वर करून ती थांबवली. मी ‘भावार्थ सांगितला तर चालेल का’ म्हणून विचारलं. भावार्थही मला येत नव्हता. सरांचे डोळे भरून आले होते.

आजींनी आम्हाला एकेकाला निरखलं. “बरं, ह्या रानाचा गट नंबर सांगा.”

कुणालाच सांगता येईना.

“रस्ता कुटनं जातुय?”

आम्ही चार दिशांना चार बोटं दाखवली.

“मग न्हवं तुमी मोजणीवाले. त्यास्नी आपलं काम तरी पाठ असतंय की!” आजी बाजूला झाल्या. “चला सर, तुमी एकटे चला. बाकीच्यांनी हितंच बसायचं.”

त्यांनी सरांचा दंड धरला. एकेक पायरी टेकत सर तळाशी पोचले, शेवटच्या पायरीवर बसले आणि पाण्याकडं बघत ओठ हलवत राहिले. आजी शेजारी बसून मान डोलवत होत्या. वर आम्ही हुरडा खाऊन तृप्त झालेले साहित्यप्रेमी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या वाटेवर गाडीत एकजणही झोपला नाही. सोलापूर येईपर्यंत आम्ही सगळे सरांकडं तोंड करून बसलो होतो. इतका जागा श्रोतृवृंद त्यांना नोकरीच्या साऱ्या वर्षांत मिळाला नसेल. सर आमच्याकडं बघून हसले, मफलर गळ्याभोवती गुंडाळला आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेले.