पांढरीच्या पोटातली ओल

नेकनूरजवळच्या त्या तुकड्याला गावात कुणी शेत म्हणत नसे. पांढरी चिकणमाती, तिच्यात चुनखडीचे खडे. पावसात पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात कुदळीला दाद देत नाही. कडूबाई आणि सिदू या नवरा-बायकोनं मेंढ्या विकून नेमकी हीच जमीन घेतली, वर तिच्यात द्राक्षं लावली, तेव्हा लोक पोट धरून हसले. पण कडूबाई हट्टाला पेटली की पेटली. द्राक्षं आली, गोडही निघाली, आणि हसणारेच पिशव्या घेऊन यायला लागले.

यंदा मात्र एप्रिलच्या छाटणीनंतर विहीर आटली. ठिबकच्या नळ्यांतून थेंब येईना, नव्या फुटी माना टाकू लागल्या. सिदूनं ठरवलं, अर्धी बाग तोडायची. टँकरच्या पाण्यावर उरलेली अर्धी तरी जगेल. तो करवत घेऊन बागेत आला, तशी कडूबाई वाटेत उभी राहिली. कुठली वेल ठेवायची नि कुठली नाही? तिनं एवढंच मागितलं, की आधी एका वेलीच्या बुडाशी खणून बघू. मुळं वाळली असली तर करवत ती स्वतः चालवील.

सिदू कुरकुरला, पण कडेची सगळ्यात मरतुकडी वेल निवडून खणायला लागला. गुडघाभर खाली गेला तरी माती कोरडी ठक्क. त्यानं बायकोकडे नुसतं पाहिलं. तिनं कुदळ आपल्या हातात घेतली.

कंबरभर खोल गेल्यावर निघालेलं ढेकूळ जड होतं, गार होतं. मुठीत दाबलं तर भाकरीच्या पिठासारखं बोटांना चिकटलं. माळवदावर ही माती पसरली की घर गळत नाही, एवढं तिला माहेरापासून ठाऊक होतं. पण तीच माती मागच्या पावसाचं पाणी अशी पोटाशी धरून बसत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि त्या ओलीत मुळंच मुळं! केसासारखी बारीक, चुनखडीच्या खड्यांना वळसे घालत आणखी खाली गेलेली. या मातीला आपण किती शिव्या घातल्या, या विचारानं कडूबाईला भरून आलं.

सिदू खड्ड्यात उतरला. एका मुळाचं टोक तो बोटानं शोधत राहिला, ते सापडेना.

"आपून टँकरची वाट बघत बसलो," तो हळूच म्हणाला, "आन् ह्या येली कवाच खाली गेलत्या."

"मग तोडायच्या का?" कडूबाईनं विचारलं.

सिदूनं डोक्याचा रुमाल सोडून, ऊन लागू नये म्हणून, तो उघड्या मुळांवर अंथरला आणि खड्डा परत बुजवायला हातानंच माती गोळा करायला लागला.