आबांनी भरलेली टाकी

आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, जुनी पेट्रोलची गाडी उसावर चालवायचं खूळ लागलं आणि ते त्यांनी पुरं करून दाखवलं. बारामतीच्या गॅरेजात किट बसवलं, जुन्या रबरी नळ्या बदलल्या, टाकीत उसाच्या मळीपासून केलेलं इथेनॉल भरलं आणि गाडी दिमाखात गावी, वरकुट्याला आणली. थंडीत सकाळी ती चालू व्हायला कुरकुर करायची. मग आबा बोनेट उघडून तिला घोटभर पेट्रोल पाजायचे. "तिलाबी उठल्या उठल्या चा लागतो," म्हणायचे.

गावाबाहेर पडलं की वाटेत साखर कारखान्याजवळ मळीचा वास आला की आई नाकाला पदर लावून काच वर करायची.

"अगं, कर की खाली. आपल्याच उसाचा वास हाय. टाकीत ह्योच हाय."

"टाकीत ऱ्हाऊ द्या, नाकात नगं."

दर खेपेला हेच भांडण. मला अगदी वीट आला होता त्याचा.

आबा अचानक गेले. आदल्याच दिवशी टाकी भरून आले होते. आईने किल्ली काढून घेतली. "ह्ये त्यांनी भरलेलं हाय. वर्षश्राद्धाला नरसिंहपूरच्या संगमावर ह्याच्यावरच जायाचं. तवर कुनी हात लावायचा न्हाय." आम्हा भावंडांनाही ते मनापासून पटलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी मी किल्ली फिरवली. पेट्रोल पाजून पाहिलं. गाडी हूं की चूं करेना. मेस्त्रीने टाकी उपसली, तर बादलीत गंजाचं गढूळ पाणी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते असं साठवून ठेवत नाहीत, असं तो म्हणाला. आबांच्या हातचं शेवटचं जे काही होतं, ते आम्ही जपून जपून नासवलं होतं. मला तिथेच हुंदका फुटला. आई जाऊन गाडीत बसली.

"मी दुसऱ्या गाडीत बसनार न्हाय," एवढंच बोलली.

शेवटी भावाने ट्रॅक्टरला दोर बांधला. मी आबांच्या जागेवर स्टिअरिंग धरून, आई शेजारी तिच्या नेहमीच्या जागी. बंद गाडी ट्रॅक्टरमागे मुकाट ओढली जात होती. कारखाना आला, वास आला. आईने पदराला हात लावला नाही. हँडल फिरवून तिने काच पार खाली केली आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "घ्या, केली खाली."