नोनीचा डावा पाय

आयर्लंडमधल्या लीट्रिमच्या आमच्या टेकड्यांवर जुना ट्रॅक्टर नेहमी उताराकडे नाक करून उभा ठेवतात. बॅटरीने दगा दिला तरी ब्रेक सोडला की उतारच त्याला चालू करतो. नोनी गिलमार्टिनच्या दारातली ती जागा मात्र तिचा भाऊ जार्लथ गेल्यापासून रिकामी होती. त्याच्यामागोमाग त्याचा ट्रॅक्टरही मोडीत निघाला होता.

नोनी सत्तरीला टेकलेली, बिनलग्नाची. चार गायी आणि एक कुरण. या उन्हाळ्यात गवत स्वतः कापता आलं नाही तर कुरण खंडाने द्यायचं, असं तिनं भाच्याला, कोलमनला, कबूल केलं होतं. एकदा दिलेलं कुरण परत मागायला तोंड राहत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मे महिन्यात आम्ही जुने ट्रॅक्टर विकणाऱ्या मॅटीच्या आवारात गेलो. मी शेजारीण म्हणून बरोबर. दोन ट्रॅक्टर उभे होते, एक करडा फर्ग्युसन आणि एक लाल मॅसी.

"मावशी, लालच घे," कोलमन म्हणाला. "याचा क्लच दोन टप्प्यांचा. अर्धा दाबला की चाकं थांबतात, मागचं कापणीयंत्र चालूच. पूर्ण दाबला की सगळंच थांबतं. करड्यात दोन्ही एकदमच बंद."

"करडा म्हणजे म्हातारं गाढव," मॅटीनं री ओढली. "मरत नाही आणि पळतही नाही."

"मग आमचं दोघांचं जमेल," नोनी म्हणाली.

आमच्याकडे ट्रॅक्टर घरातला पुरुष चालवून बघतो. बायका चहाचे कप धरून उभ्या राहतात. कोलमन दोन्हींवर फेरी मारून आला, लाल चालूच ठेवून खाली उतरला. "ठरलं."

नोनीनं आपला कप माझ्या हातात दिला आणि ती लाल ट्रॅक्टरवर चढली. पुढे गेली, डाव्या पायाने क्लच दाबला. चाकं थांबली. कापणीयंत्र फिरवणारा मागचा दांडा मात्र गरगरत राहिला.

"अजून दाब, मावशी!"

"दाबतेच आहे रे!"

मागच्या हिवाळ्यात ती बर्फावर घसरली होती. डावा गुडघा तेव्हापासून पूर्ण सरळ होत नव्हता. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता मात्र आवारातल्या सगळ्यांना दिसलं. मॅटीनं पुढे होऊन इंजिन बंद केलं. कोलमन बुटांकडे बघत राहिला.

नोनी उतरली आणि कुणाला न विचारता करड्यावर जाऊन बसली. त्याचा क्लच हलका. दाबला तशी चाकं थांबली, दांडाही थांबला. तिनं तीनदा करून पाहिलं.

"पण कापणीच्या पट्टीत गवत अडकलं तर? यात ते आपोआप सुटणार नाही," कोलमननं हळूच विचारलं.

"तर उतरेन, काढेन, परत चढेन. मला कुठे बस गाठायचीय?"

जूनमध्ये चार दिवस कोरडे मिळाले. मी फाटकापाशी होते. कोलमनही आला होता, मदतीला. गवत दोनदा अडकलं. दोन्ही वेळा तो फाटक उघडायला गेला आणि दोन्ही वेळा नोनी उतरून, काढून, परत चढलीसुद्धा. मग तो खिशात हात घालून नुसता बघत राहिला. कुरण खंडाने द्यायचा विषय त्यानं काढला नाही.

संध्याकाळी कापलेल्या गवताच्या वासातून ती करडा ट्रॅक्टर घेऊन वर आली आणि तिनं तो दारातल्या जुन्या जागी उभा केला, नाक उताराकडे.