जावईबापूंचा अंधार

नाटकात नट रडला की प्रेक्षक नटाला लक्षात ठेवतात. त्या अश्रूंवर नेमका उजेड कुणी सोडला, हे कुणी विचारत नाही. डिमरमामाने उभी हयात हेच काम केलं. नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीला चिकटलेली एक चिमुकली खोली, समोर काच, हाताखाली दांड्यांची रांग. दांडी वर सरकवली की रंगमंचावर पहाट व्हायची, खाली ओढली की रात्र. त्या यंत्राला डिमर म्हणतात, म्हणून तो डिमरमामा. त्याचं खरं नाव काय, हे नाटकमंडळीतल्या निम्म्यांना माहीत नव्हतं आणि उरलेले विसरले होते.

लग्न राहूनच गेलं. मुलगी पाहायला जायचं ठरलं की नेमका त्याच संध्याकाळी प्रयोग लागायचा. पुढे पुढे लोकांनी स्थळं आणायचं सोडलं. हात थरथरू लागले तेव्हा त्याने दांड्या एका चुणचुणीत मुलीच्या ताब्यात दिल्या आणि तो आपल्या दोन खोल्यांत येऊन राहिला. त्या दोन खोल्यांत मात्र दिव्यांची चैन होती. खुर्चीमागे एक, आरशावर दोन, देवळीत एक, आणि प्रत्येकाला मंद-तेज करायचं बटण. पाहायला कुणी नव्हतं, एवढीच काय ती खोट.

अशा घरात त्याची थोरली बहीण आली. भावोजी गेल्याला वर्ष होत आलं होतं. मुलाच्या घरी ताईला जागा होती, पण तिच्या माशाच्या टाकीला नव्हती.

"माझ्याबरोबर तो येणार," तिने फोनवर सांगितलं होतं. "चालत असेल तर बोल, नाहीतर मी इथेच बरी आहे."

"तुझ्यापेक्षा कमी बोलत असेल तर चालेल," मामा म्हणाला होता आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ घरातल्या घरात येरझारा घालत होता.

मासा भावोजींचा. वीतभर लांब, काळाभोर, सुरीच्या पात्यासारखा चपटा. शेपटीला दोन पांढरे पट्टे. पोटाखाली डोक्यापासून शेवटापर्यंत एकच लांब झालर, ती लहरवत तो पुढेही जायचा आणि तितक्याच सहज मागेही. दिवसभर दडून बसायचा. भावोजी त्याला जावईबापू म्हणायचे, कारण कितीही सरबराई केली तरी याचा रुसवा जात नसे.

आता घरात पाहुणा कलावंत यायचा आणि मामाने स्वस्थ बसायचं, हे कसं शक्य होतं? त्याने टाकी दर्शनी खोलीत मांडली. काचा घासून लख्ख केल्या. मागून फिकट निळा उजेड दिला, पुढून केशरी, आणि खाऊ जिथे पडणार तिथे वरून एक छोटासा झोत.

ताई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "सुंदर झालंय. फक्त नट कुठाय?"

"येईल. रंगमंच नवा आहे, बावरलाय."

नट आला नाही. टाकीच्या कोपऱ्यात पाणी गाळायची डबी होती, तिच्यामागे डोकं खुपसून तो आडवा पडून राहिला. बाहेर दिसायचे ते फक्त शेपटीचे पट्टे. गोठवलेल्या लाल अळ्यांचा तुकडा ताई रोज टाकीत सोडायची. सोबतचे चार चिल्लेपिल्ले मासे त्यावर तुटून पडायचे आणि जावईबापूंपर्यंत काही पोचायचंच नाही. आठवडाभरात त्याचं पोट खपाटीला गेलं. ताईची ट्रंकही आली तशी दोरीने बांधलेली दाराजवळ उभी होती. लागेल ते पातळ ती वरच्या पिशवीतून काढायची. मामाने ट्रंकेकडे बोट दाखवलं की म्हणायची, "बघू. हा आधी रुळू दे."

मामा टाक्यांच्या दुकानात गेला. दुकानदार जाळीने मासे पकडता पकडता बोलत होता.

"काका, हा मासा अंगातून वीज सोडतो. अगदी मंद, आपल्याला जाणवत नाही. दगड कुठे, खाऊ कुठे, हे त्याला त्यावरून कळतं. डोळ्यांचा फार उपयोग नाही त्याला."

"म्हणजे आमच्याच धंद्यातला."

"असेल. त्याला लपायला नळी द्या. अंगाला भिंत लागली की जीव थाऱ्यावर येतो. खाऊ नळीच्या तोंडाशी न्या. आणि दिवे मंद करा."

"दिव्यांचं मला सांगू नका," मामा म्हणाला.

नळी तो घेऊन आला. दिवेही मंद केले, पण कसे? दिवेवाल्यासारखे. निळा थोडा उतरवला, केशरी त्याहून थोडा, झोत इतका नाजूक की पाण्यात चांदणं पडल्यासारखं वाटावं. पूर्ण काळोख करायचं त्याच्या हातालाच येत नव्हतं. रंगमंचावर भलत्या वेळी काळोख झाला की शिव्या कुणाला बसतात? मासा नळीत गेला आणि तिथेच राहिला.

एके दिवशी संध्याकाळी ताई म्हणाली, "मी आमच्या घरी परत जाते."

मामाच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. "तिथे कोण आहे?"

"कुणी नाही. पण तिथे निजायच्या आधी तुकडा टाकला की हा खात तरी होता. मी याला इथे मारायला आणलं का? तेवढी एकच वस्तू राहिलीय रे त्यांची."

राहा म्हणायचं मामाच्या ओठांवर आलं होतं. दुसऱ्यांच्या संवादांवर उजेड पाडण्यात जन्म गेलेला माणूस, स्वतःचं वाक्य ऐनवेळी सुचेना. त्याने भलतंच विचारलं, "भावोजी याला कसं भरवायचे?"

"मला काय माहीत. मी स्वयंपाकघरात असायचे. अळ्या फ्रीजमधून काढून द्यायचे, पुढचं ते बघायचे. आणि मेला स्वभाव इतका चिकट, की दिवेलागणीच्या वेळेला सगळं घर काळोखात. दिवा लावू द्यायचे नाहीत. मी बडबडत राहायचे, की शेजारी म्हणतील यांची वीज तोडली. तर म्हणायचे, थांब गं, जावईबापूंची वेळ झालीय. आयुष्यभर हेच निमित्त…"

ती बोलता बोलता थांबली.

मामाने बशी खाली ठेवली. दोघंही एकमेकांकडे न बघता टाकीकडे बघत राहिली.

मग तो उठला. आधी टाकीच्या एका टोकाला चिमूटभर खाऊ टाकून चिल्लरपार्टीला तिकडे गुंतवलं. पडदे ओढले. तिसऱ्या घंटेनंतर प्रेक्षागृहातला उजेड उतरवतात तसा एकेक दिवा सावकाश उतरवत नेला, माशाला दचकायला होऊ नये म्हणून. निळा गेला, केशरी गेला, झोत गेला. शेवटी खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका राहिला. विंगेत माणसं अडखळू नयेत म्हणून लावतात तेवढाच.

"दिसत नाही काही," ताई कुजबुजली.

"दिसेल. डोळ्यांना वेळ दे."

लांब चिमट्यात एक अळी धरून त्याने नळीच्या तोंडाशी नेली. हात थरथरत होता, म्हणून ताईने त्याचं मनगट खालून धरलं. दोघं तशीच उभी राहिली. पाण्याचा बुडबुड आवाज सोडला तर खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

नळीतून आधी बाहेर आली शेपटी. पांढरे पट्टे, मग काळं अंग, झालर लहरत उलटं उलटं. अळीच्या शेजारून मासा मागे मागे सरकत गेला, जणू पाठीनेच तिला वाचतोय. थांबला. मग पुढे आला आणि चिमट्यातून अळी अलगद ओढून घेतली.

"पाठमोरी एंट्री," मामा पुटपुटला. "हिंमत लागते याला."

ताईचे दोन्ही हात वर आले होते. मामाने ते हवेतच धरले. "टाळी नको. पळेल."

दुसरी अळी गेली. तिसरी माशाने चिमटा पाण्यात शिरताच घेतली.

"मी त्यांना चिक्कू म्हणायचे रे," ताई म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणायचे."

"ते काय म्हणायचे?"

"हसायचे."

"माझ्यापेक्षा चांगला दिवेवाला होता तुझा नवरा," मामा म्हणाला. हे त्याने आजवर कुणाबद्दलही म्हटलं नव्हतं.

ताईने पदराने नाक पुसलं. काळोखात खुर्ची चाचपून ती टाकीसमोर बसली आणि त्याच्यासाठी बाजूची खुर्ची पायाने ओढली. जावईबापू नळीभोवती फेरी मारून आले आणि डबीमागच्या आपल्या जुन्या कोपऱ्याकडे न बघता पुढे गेले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुझ्या कपाटातला खालचा कप्पा मला लागेल. आणि ट्रंकेची गाठ घट्ट बसलीय, मला एकटीला सुटायची नाही."

मामा अर्धा उठला.

"अरे, आता नको. दिवा लावावा लागेल."