गहू नसलेलं घर

आमच्या आप्पांचा घरात एक नियम होता. कुणाकडे जाताना आपलं ताट-तांब्या बरोबर न्यायचा नाही, आणि कुणी आपल्यासाठी वेगळं भांडं काढून ठेवलेलं दिसलं तर पाणीसुद्धा न पिता उठायचं. कारण कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आम्ही बौद्ध. आजी निपाणीला तंबाखूच्या वखारीत मजुरीला जायची, आणि तिथं तिला चहा कसा मिळायचा हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. आप्पा मॅट्रिक झाले, बेळगावात सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि कॅम्पात त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्या दोन खोल्यांत त्यांनी हा नियम आणला, आणि दुसरी गोष्ट आणली ती रोजची चपाती. "माझी पोरं दोन्ही वेळ चपाती खात्यात," असं ते निपाणीला गेले की कुणी न विचारताच सांगायचे.

त्या चपातीनंच माझी वाट लावली. मी सात-आठ वर्षांची असेन. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं. शाळेत मला गणपती म्हणायचे. बौद्धाच्या पोरीला गणपती म्हणतात हे आप्पांना कळलं असतं तर त्यांनी हेडमास्तरांची झोप उडवली असती, म्हणून मी घरी काही बोलले नाही. खरं तर चिडवणं सोसत होतं. सोसत नव्हतं ते वर्गातून सारखं संडासला पळणं. एकदा पोचले नाही. बाईंनी मला पाठीमागच्या दारानं घरी पाठवलं आणि वर्गाच्या खिडकीत सगळ्या पोरींची तोंडं होती. ती आठवण आजही अचानक येते, भाजी निवडताना, बसमध्ये, आणि चारचौघांत माझे कान गरम होतात.

जंताची औषधं झाली, काढे झाले, आजीनं चोरून दृष्टही काढली. शेवटी दवाखान्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं. सिलिॲक असं नाव सांगितलं, पण आईला ते म्हणता येईना, म्हणून आमच्याकडे तो कायम 'गव्हाचा आजार' राहिला. डॉक्टर म्हणाले, गहू बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं जन्मभर बंद. गव्हाचा कणही लागता कामा नये, म्हणून हिचा तवा वेगळा करा, पोळपाट वेगळा करा आणि ताटही वेगळं ठेवा.

गहू बंद म्हटल्यावर आप्पा नुसती मान हलवत होते. ताट वेगळं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

घरी आल्यावर त्यांनी रेशनचा गव्हाचा डबा उचलला आणि शेजारच्या मिलिटरीवाल्यांच्या घरी देऊन आले. आईला म्हणाले, "ह्या घरात कुणाचं ताट वेगळं ऱ्हाणार न्हाय. गहूच नको." त्या दिवसापासून आम्ही सगळे भाकरी-भातावर. धाकटा भाऊ पावासाठी रडून घर डोक्यावर घ्यायचा. निपाणीला गेल्यावर आप्पांना चपातीची फुशारकी मारता येईना, पण एका अक्षरानं ते कधी बोलले नाहीत. माझ्या पायी घरातल्या सगळ्यांचं तोंड बांधलं गेलं, हे मात्र मला ताटावर बसलं की रोज वाटायचं.

त्याच दवाखान्याच्या बाकावर ती मला भेटली. येळ्ळूरच्या मराठा शेतकऱ्याची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच पोटाची. आम्ही आधी एकमेकींच्या पोटाकडे बघितलं, मग तोंडाकडे. तिनं विचारलं, "तुला बी बिस्किट बंद?" मी म्हटलं, "व्हय." ती म्हणाली, "लई वाईट." एवढ्यावर आमची गट्टी जमली. माझ्यासारखं पोट असलेलं दुसरं कुणी जगात आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तिलाही वर्गातून पळावं लागायचं. तिनं मला सांगितलं की बाईंना विचारत बसायचं नाही, दप्तर तिथंच टाकून सुटायचं, मार नंतर खायचा. हे मला कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

दोघींच्या आयाही बोलू लागल्या. अडचण दोघींची एकच होती. गिरणीत ज्वारी नेली तर आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ जात्यात राहिलेलं असायचं, ते आमच्या पिठात यायचं आणि आठवडाभर आम्ही आडव्या. तिच्या आईनं त्यावर उपाय काढला होता. माळ्यावरचं जुनं दगडी जातं सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीवजा खोलीत, आणून बसवलं होतं आणि त्यात ज्वारीशिवाय काही घालत नव्हती. ती आईला म्हणाली, "तू बी येत जा की आक्का. दोघी मिळून दळू, हात दुखायचं न्हाईत." तेव्हा तिनं आमची जात विचारली नव्हती. पुढं कधीतरी तिला कळलीच, पण ये म्हणून सांगून झालं होतं.

मग एक रविवार आड आई ज्वारीचं गाठोडं आणि मला घेऊन येळ्ळूरची बस पकडू लागली. दोघी बाया जात्याला समोरासमोर बसायच्या. लाकडी खुंटा एकच, त्यावर एकीच्या हातावर दुसरीचा हात. बोलणं सतत चालू. हिंगात कणीक असते, तो बंद करायचा, हे तिच्या आईनं आईला सांगितलं. तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं आईनं तिच्या आईला शिकवली. बाई मनानं चांगली होती. मी आजारी पडले तेव्हा तिनं शेतातलं नाचणीचं पीठ बसवाल्याबरोबर पाठवून दिलं होतं. हे लिहिलं नाही तर तिच्यावर अन्याय होईल.

दळण झालं की जेवण. त्यांचं घर मोठं, गव्हाचा वावर भरपूर, म्हणून माझ्या मैत्रिणीचं ताट वेगळं होतं. आत स्वयंपाकघरात फळीवर, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मलाही एक वेगळं ताट होतं. ते सोप्याच्या भिंतीतल्या दिवळीत असायचं. दिवळी म्हणजे कोनाडा. त्यात कंदील, खुरपं आणि माझं ताट. "आत गव्हाचा हात लागतोय गं, म्हणूनशान भाईर ठेवलंय," तिच्या आईनं पहिल्याच दिवशी न विचारता सांगितलं. मग तिचं ताट आत कसं, हे मी विचारलं नाही. मी नऊ वर्षांची होते आणि मला सगळं कळलं होतं.

आईलाही कळलं होतं. ती ताट दिवळीतून काढायची, न्हाणीजवळ नेऊन धुवायची, मला वाढून घ्यायची आणि जेवण झालं की धुऊन परत तिथंच ठेवायची. बसमध्ये आम्ही दोघी दुसऱ्याच गोष्टी बोलायचो. आप्पांना सांगू नको, असं तिनं मला कधी म्हटलं नाही. मीच सांगितलं नाही. आजारानं आम्हाला सगळ्यांनाच एक सोयीचं कारण दिलं होतं. ती माणसं त्याच्याआड बसली आणि आम्हीही बसलो.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. आमची पोटं आत गेली, गालांवर मांस आलं. आप्पा खुश होते. म्हणाले, "त्या मायलेकींना एकदा जेवायला बोलवा. त्या पोरीला म्हणावं, जगात हे एक घर हाय जिथं तू कशाला बी हात लावलास तरी चालतंय." हे बोलताना त्यांना किती अभिमान वाटत होता. मी मात्र आईकडे बघितलं.

त्या दोघी रविवारी कॅम्पात बाजाराला आल्या होत्या, तिथून आमच्याकडे आल्या. आप्पांनी नवी सतरंजी अंथरली. आईनं भाकरी, मसूरची आमटी, वांगी आणि तांदळाची खीर केली होती. तिच्या आईनं भिंतीवरचे फोटो पाहिले, नजर खाली केली आणि पिशवीतून एक गाठोडं काढलं. त्यात फडक्यात गुंडाळलेलं ताट होतं आणि तांब्या होता.

माझी मैत्रीण बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, हितं तर गहूच न्हाय. माझं ताट कशाला आणलंस?"

आईनंच घाईघाईनं सावरून घेतलं. "असू दे गं. सवय मोडू नये. बरंच केलंस आक्का." पाहुण्या बाईचा चेहरा काळवंडला होता, आणि तिला वाचवायला माझी आई धावली होती.

आप्पांनी त्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू येळ्ळुरात कशात जेवतीस?"

"हिच्यासारख्याच ताटात," मी म्हटलं. "आत फळीवर असतंय. हिच्या ताटाशेजारी."

"न्हाय ओ अण्णा," मैत्रीण आप्पांना म्हणाली, "हिचं भाईर दिवळीत असतंय." तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. माझं गणित चुकलं की ती अशीच दुरुस्त करायची.

आप्पा ओरडले नाहीत. ते उठले, आमच्या मांडणीवरचं एक ताट घेतलं, त्यात स्वतः भाकरी-आमटी वाढली आणि तिच्यापुढे ठेवलं. "जेव बाळ," म्हणाले. ती जेवली, खीर दोनदा मागून घेतली. तिच्या आईनं उपास असल्याचं सांगितलं. तशी मोकळेपणानं बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिला मान वर करता येईना. गाठोडं पुन्हा बांधून, लेकीचं बोट धरून ती लवकरच निघाली.

लाज वाटावी अशी तिथं बरीच माणसं होती. मलाही वाटली, पण कुणाची? आप्पांची. वाटलं, हा माणूस गप्प का बसला नाही? विचारायची काय गरज होती? आता ती येणार नाही, आता मला कोण? ज्यानं माझ्यासाठी चपाती सोडली त्या माणसाची मला त्याच्याच घरात, त्याच्याच सतरंजीवर बसून लाज वाटत होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या गेल्यावर आप्पांनी विचारलं, "कधीपासनं?"

"पहिल्यापासनं."

"तुला कळत हुतं?"

"व्हय."

"मग गप का बसलीस?"

"तिच्याबिगर मला कोण न्हाय ओ आप्पा."

त्यांनी आईकडे पाहिलं नाही. आई आमच्याकडे पाठ करून चुलीशी बसली होती.

त्याच आठवड्यात आप्पा सायकलच्या कॅरिअरवर दगडी जातं बांधून घेऊन आले. गिरण्यांच्या काळात कारकुनानं जातं आणलं म्हणून गल्लीत हसं झालं. पिठाचा प्रश्न मिटला. येळ्ळूरला जायचं काही कारणच उरलं नाही. आईनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मी मात्र खालच्या मानेनं शाळेत जायची, खालच्या मानेनं यायची. जेवायला बसले की घास तोंडात फिरत राहायचा. कुणी रागावलं नाही, कुणी समजूतही काढली नाही.

एका रविवारी सकाळी आप्पा म्हणाले, "चल, बस सायकलीवर." कुठं ते सांगितलं नाही. शहर मागं पडलं, शेतं लागली, तेव्हा मला कळलं. येळ्ळूरच्या वेशीपाशी त्यांनी सायकल थांबवली, मला उतरवलं आणि आंब्याखाली सायकल लावली.

"तुमी न्हाय येत?"

"मी हितं बसतो. तू जा. जेवून ये."

मी थांबले नाही. खरं सांगायचं तर पळतच गेले. मला बघून मैत्रिणीनं दारातनं उडीच मारली. तिच्या आईनं मला जवळ घेतलं, तोंडावरनं हात फिरवला, डोळ्याला पदर लावला. मग दिवळीतलं ताट काढलं आणि ते धुवायला या खेपेला ती स्वतः गेली. मी सोप्यात बसून जेवले. भूक सडकून लागली होती.

परत आले तेव्हा आप्पा वेशीबाहेर आंब्याखाली तसेच बसले होते. गावातली दोन माणसं त्यांना कोण, कुठले विचारत होती. मला बघून ते उठले आणि धोतराची माती झाडली.

"पोट भरलं का?" त्यांनी विचारलं.

मी व्हय म्हटलं आणि सायकलवर त्यांच्या पाठीमागं बसले.